प्रल्हादाचे घराणे आणि धर्माचा कैवार

सभ्य स्त्रीपुरुषहो,

'परित्राणाय साधूनां विनाशाय च दुष्कृताम्' हा गीतेतला चरण ज्याच्या कानावरून गेलेला नाही असा श्रोता या सभागृहात नसेल. प्रवचनात, नाटकात, निवडणुकीच्या फलकावर तो सारखा भेटतो, आणि इतका भेटतो की त्याचा नेमका आशय विचारण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी झाली आहे. सज्जनावर संकट येते, तो आर्त हाक मारतो, देव धावत येतो, दुष्टाला मारतो आणि सज्जनाला सोडवून परत जातो, अशी एक चौकट आपल्या मनात पक्की बसलेली आहे. कीर्तनाच्या उत्तररंगात ही चौकट फार रंगते. ती रंगावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र मूळ कथा सावकाश वाचू लागलो की तिच्याबाहेरचे पुष्कळ काही दिसते. देव येतो तो मोकळ्या हातांनी येत नाही. कुणाच्या तरी वराने, शब्दाने किंवा स्वतःच्याच प्रतिज्ञेने तो बांधलेला असतो. आणि ज्याचे रक्षण झाले त्याची सुटका होऊन गोष्ट संपत नाही. धर्म सांभाळण्याचे काम त्या दिवसापासून त्याच्याकडे येते. हे मी आज एका घराण्याच्या आधाराने मांडणार आहे. प्रल्हाद, त्याचा मुलगा विरोचन आणि नातू बळी या त्या घराण्याच्या तीन पिढ्या. घराणे असुरांचे आहे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात असू द्यावी.

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात, 'जें धर्मजात आघवें । युगायुगीं म्यां रक्षावें', आणि हा ओघ मूळचाच आहे असे सांगून लगेच पुढच्या ओवीत म्हणतात, 'म्हणौनि अजत्व परतें ठेवीं । मी अव्यक्तपणही नाठवीं'. गीतेत आधीच्या श्लोकात 'अजोऽपि सन्' असे येऊन गेले आहे. ज्ञानदेवांनी तो धागा पुढे ओढून थेट रक्षणाशी बांधला. ज्याला जन्म नाही त्याने आपले अजन्मेपण बाजूला ठेवायचे, जो दिसत नाही त्याने आपले न दिसणे विसरायचे, तेव्हा कुठे अवतार होतो. म्हणजे धर्माचा कैवार घेण्याची किंमत प्रथम कैवार घेणारा मोजतो. हे एकदा लक्षात आले की नृसिंहाची कथा वेगळी दिसू लागते.

ही कथा आपल्याकडे परकी नाही. नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचे नरसिंहपूर, कृष्णाकाठचे कोळे नरसिंहपूर ही क्षेत्रे कित्येक घराण्यांची कुलदैवते सांभाळून आहेत, आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीला दिवस मावळताना तिथे नृसिंहजन्म होतो. तो दिवस मावळतानाच का, हे लहान मुलालाही ठाऊक असते. हिरण्यकशिपूने ब्रह्मदेवाकडून वर मागताना एखाद्या मुरलेल्या वकिलाच्या काळजीने कलमे घातली होती. घरात मरण नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, ब्रह्मदेवाने निर्माण केलेल्या कोणत्याही प्राण्याकडून नको. भागवताच्या सातव्या स्कंधात ही सगळी यादी आहे, आणि मारण्याच्या क्षणी तिच्यातले एकही कलम मोडले जात नाही. वेळ संध्येची, जागा दाराची, आधार मांडीचा, शस्त्र नखांचे, आणि मारणारा धड माणूस नव्हे, धड पशू नव्हे. वर चुकीच्या माणसाला मिळाला होता, त्याचा गैरवापर झाला होता, त्यापायी त्रैलोक्य पोळले होते. तरीही दिलेला शब्द पाळूनच शत्रू मारायचा, ही अट देवाने स्वतःवर घालून घेतली. अधर्माशी लढताना आपणही नियम गुंडाळून ठेवायला हरकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ही यादी शांतपणे वाचावी. देवाला या अटीचा जाच झालाच नाही असेही नाही. सगळे आटोपल्यावर नृसिंह ब्रह्मदेवाला सुनावतो की असुरांना असले वर पुन्हा देऊ नकोस, मुळात क्रूर असलेल्यांना वर देणे म्हणजे सापांना अमृत पाजणे आहे. कीर्तनात हा भाग सहसा येत नाही. यावा असे मला वाटते, कारण त्यात एक मोठा मिश्कीलपणा आहे.

आता खांबाकडे वळू. आपल्याकडे हिरण्यकशिपू खांबाला लाथ मारतो, भागवतात तो मूठ मारतो. हा फरक किरकोळ आहे. होलिकेची गोष्टही भागवतात नाही, ती पुढे आली. महत्त्वाचा फरक वेगळा आहे. हत्ती, विषारी साप, विष, आग, कडेलोट अशा सगळ्या प्रयोगांतून प्रल्हाद जिवंत राहतो, पण त्या वेळी देव कुठेही प्रकट होत नाही. मुलाच्या जिवावर बेतलेले असताना नृसिंह येत नाही. तो येतो केव्हा, तर भरल्या सभेत बापाने विचारले, तुझा देव सगळीकडे आहे तर या खांबात का दिसत नाही, तेव्हा. भागवतकारांचे शब्द आहेत, 'सत्यं विधातुं निजभृत्यभाषितम्'. आपल्या सेवकाने उच्चारलेले खरे करून दाखवण्यासाठी तो आला. पाच वर्षांच्या पोराच्या तोंडून निघालेले एक वाक्य खोटे पडू द्यायचे नाही, यासाठी तो खांब फुटला. जीव वाचवणे त्यात आलेच. पण कथेची गाठ शब्दाशी आहे.

आणि मग पेच पडतो. दुष्ट मेला, पण रागाने पेटलेला नृसिंह शांत होईना. देव, ऋषी, गंधर्व दुरूनच स्तुती करत राहिले. लक्ष्मीला पुढे पाठवले, तर तिनेही असले रूप कधी पाहिले नव्हते. ती जवळ जाईना. शेवटी ब्रह्मदेवाने प्रल्हादाला सांगितले, बाळ, तुझ्या बापावर रागावलेल्या या प्रभूला तूच शांत कर. ज्याचे रक्षण झाले त्यानेच रक्षणकर्त्याला आवरायचे, ही कल्पना मला या कथेतली सर्वांत धीट कल्पना वाटते. धर्मासाठी उठलेला क्रोधसुद्धा आपण होऊन थांबत नाही, त्याला कुणीतरी थांबवावे लागते. आणि ते काम सोसलेल्या माणसालाच साधते, कारण सूड मागण्याचा अधिकार खरा त्याचाच असतो. प्रल्हादाने सूड मागितला नाही. वर माग म्हटल्यावर तो म्हणाला, सेवेच्या बदल्यात काही मागणारा सेवक नव्हे, व्यापारी. मागितलेच ते बापाची शुद्धी. त्याच स्तुतीत तो म्हणतो की ऋषी एकान्तात जाऊन आपापल्या मुक्तीच्या मागे लागतात, मला या दीन माणसांना मागे ठेवून एकट्याने मुक्त व्हायचे नाही. त्यावर नृसिंहाने त्याला वैकुंठात नेले नाही. एका मन्वंतरापुरते, म्हणजे एका मनूच्या कालखंडापुरते, दैत्यांचे राज्य त्याच्या गळ्यात घातले.

राजा झालेल्या प्रल्हादाचे पुढे काय झाले, हे फार थोडे लोक सांगतात. ते महाभारतात आहे, आणि नेमके सभापर्वात, द्यूताच्या प्रसंगी आहे.

प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरस ऋषींचा मुलगा सुधन्वा यांच्यात एका कन्येवरून वाद पेटला की आपणा दोघांत श्रेष्ठ कोण. दोघांनी प्राण पणाला लावले आणि निवाडा मागायला गेले ते विरोचनाच्या बापाकडेच. सुधन्व्याने त्याला बजावले की खोटे बोललास किंवा मुळीच बोलला नाहीस तर इंद्राच्या वज्राने तुझ्या डोक्याची शकले होतील. व्यास इथे लिहितात की प्रल्हाद पिंपळाच्या पानासारखा थरथरला. हत्तीच्या पायाखाली, सापांच्या विळख्यात आणि आगीत ज्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती, तो मुलाच्या जिवाचा प्रश्न येताच हलला. स्वतः सोसणे त्याला अवघड गेले नव्हते. पोटच्या पोराविरुद्ध खरे बोलणे अवघड गेले. तो कश्यपांकडे गेला आणि विचारले, प्रश्नाचे उत्तर न देणाऱ्याला किंवा खोटे उत्तर देणाऱ्याला कोणती गती मिळते? कश्यप म्हणाले, जाणत असूनही लोभाने, रागाने किंवा भीतीने जो उत्तर देत नाही त्याच्याभोवती वरुणाचे हजार पाश आवळले जातात, आणि वर्षाला त्यांतला एकेकच सुटतो. पुढे त्यांनी पापाची वाटणीही सांगितली. सभेत निंद्य गोष्ट घडते आणि कुणी तिची निंदा करत नाही, तेव्हा त्या पापाचा अर्धा वाटा सभेतल्या श्रेष्ठाकडे जातो, चौथाई वाटा प्रत्यक्ष करणाऱ्याकडे आणि उरलेली चौथाई गप्प बसलेल्या सभासदांकडे. करणाऱ्यापेक्षा अध्यक्षाचा वाटा दुप्पट आहे. प्रल्हाद परत आला आणि मुलाला म्हणाला, सुधन्वा तुझ्याहून श्रेष्ठ, त्याचा बाप माझ्याहून श्रेष्ठ आणि त्याची आई तुझ्या आईहून श्रेष्ठ. हे ऐकून सुधन्व्यानेच विरोचनाचे प्राण परत दिले.

ही गोष्ट सभापर्वात विदुर सांगतो, आणि ती कोणत्या क्षणी सांगतो हे पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. जुन्या हस्तलिखितांची तुलना करून तयार झालेल्या त्या संहितेत द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मुख्य पाठात नाही, तळटीपांत गेला आहे. वस्त्र ओढले जाते तसे दुसरे वस्त्र प्रकट होते, एवढेच पाठ सांगतो. ते कुणी पुरवले हे सांगत नाही. यावरून पुष्कळ वाद झाले. धावा नंतरचा मानला तरी तो शतकानुशतके लाखो स्त्रीपुरुषांच्या ओठांवर आहे, त्याचे मोल कमी होण्याचे कारण मला दिसत नाही. मला त्यापेक्षा पुढच्या ओळी अधिक अस्वस्थ करतात. सभेच्या मध्यभागी वस्त्रांचा ढीग पडला, दुःशासन दमून, लाजून खाली बसला, चमत्कार सर्वांनी डोळ्यांनी पाहिला. आणि तरीही द्रौपदीच्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नव्हते. युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की मला, हा तिचा प्रश्न तसाच उभा होता. तेव्हा विदुर हात वर करून उठतो आणि म्हणतो, इथे धर्माला पीडा होते आहे, प्रश्नाचे उत्तर द्या. आणि प्रल्हादाची ही कथा सांगतो. कथा संपल्यावर राजे काय बोलले? काहीच नाही. कर्णाने दुःशासनाला सांगितले, या दासीला घरात घेऊन जा.

देवाने, किंवा धर्माने म्हणा, वस्त्र पुरवले. सभेचे तोंड त्याने उघडले नाही, कारण ते काम सभेचे होते. भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. जाणणारे होते, आणि कश्यपांच्या भाषेत हजार पाशांचे धनी होते. विदुराखेरीज बोलला तो विकर्ण, धृतराष्ट्राच्या शंभरांतला एक. ज्ञानदेवांनी याच प्रकरणात पुढे 'सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं' असे म्हटले आहे. गुढी सज्जनांच्या हातून उभी राहायची आहे. सज्जनांनी हात मांडीखाली धरून ठेवले तर काय होते, ते त्या दिवशी हस्तिनापुरात दिसले.

वनपर्वात द्रौपदी हे कृष्णाच्या तोंडावर बोलते. मला पती नाहीत, पुत्र नाहीत, भाऊ नाहीत, बाप नाही आणि मधुसूदना, तूही नाहीस, असे ती म्हणते. कृष्णाचे उत्तर फार प्रामाणिक आहे. मी द्वारकेत असतो तर न बोलावता आलो असतो आणि द्यूत थांबवले असते, पण मी शाल्वाशी लढायला गेलो होतो, मला कळलेच नाही, असे तो सांगतो. भक्तांना हे रुचत नाही. सर्वज्ञ देवाला कळले नाही हे कसे, असा प्रश्न टीकाकारांनाही पडला. मला मात्र वाटते की महाभारतकारांनी इथे देवाला माणसाच्या मर्यादेत उभे करून ज्ञानदेवांच्या 'अजत्व परतें ठेवीं' चे प्रात्यक्षिकच दाखवले आहे. जो माणूस होऊन येतो, त्याला एका वेळी एकाच ठिकाणी असता येते.

विरोचनाचा मुलगा बळी. त्याच्या कथेत तर देव याचक होऊन येतो. नर्मदेच्या उत्तर तीरावर भृगुकच्छ क्षेत्रात बळीचा यज्ञ चालला असताना बटू वामन आला आणि त्याने तीन पावले जमीन मागितली. शुक्राचार्यांनी ओळखले आणि सांगितले की हा विष्णू आहे, नाही म्हण. प्राणावर किंवा उपजीविकेवर बेतले असता खोटे बोलणे निंद्य नसते. बळीने उत्तर दिले की असत्यासारखा अधर्म नाही, पृथ्वी म्हणते मी सगळ्यांचा भार वाहीन, खोटे बोलणाऱ्याचा वाहणार नाही. चिडलेल्या गुरूने शाप दिला. बळीची राणी विंध्यावली सोन्याच्या कलशातून पाणी घेऊन आली, बळीने बटूचे पाय धुतले आणि दानाचे उदक सोडले. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग संपला. तिसऱ्या पावलासाठी बळी वरुणाच्या पाशांनी बांधला गेला. हेच ते पाश, ज्यांची भीती त्याच्या आजोबाला कश्यपांनी घातली होती. आजोबा उत्तर देऊन त्यांतून सुटला, नातू शब्द पाळूनही त्यात अडकला. या उलटापालटीकडे कथेने मुद्दाम बोट दाखवलेले नाही, पण ती तिथे आहे. तिसरे पाऊल माझ्या डोक्यावर ठेव, नरकाची किंवा पाशांची मला भीती नाही, अपकीर्तीची आहे, असे बळी म्हणाला.

आता विचारावे असे की या कथेत धर्माचे रक्षण कुणी केले? इंद्राचे राज्य परत मिळवून देणाऱ्या विष्णूने, की सर्वस्व जाताना शब्द न सोडणाऱ्या बळीने? भागवत या प्रश्नापासून पळत नाही. बांधलेल्या नातवाला पाहायला प्रल्हाद येतो, आणि त्याच्यासमोर विष्णू कबूल करतो की ज्याच्यावर मी कृपा करतो त्याचे वैभव मी काढून घेतो. मग बळीला सुतल लोक देऊन पुढच्या सावर्णी मन्वंतरात तू इंद्र होशील असे वचन देतो, आणि हातात गदा घेऊन स्वतः त्याच्या दारात पहारा करतो. प्रल्हाद म्हणतो, ब्रह्मदेवाला, लक्ष्मीला आणि शंकरालाही जे मिळाले नाही ते आम्हाला मिळाले. तू आम्हा असुरांचा दुर्गपाल झालास. त्रैलोक्य दोन पावलांत मोजणाऱ्याने असुरांची किल्लेदारी पत्करली. छळ करून जिंकलेल्या राज्याचे हे प्रायश्चित्त आहे की भक्तीचे फळ, यावर पंडितांनी वाद घालावा. मला दोन्ही वाटते.

मराठी शेतकऱ्याने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. त्याने स्वतःला बळीराजा म्हणवून घेतले, आणि दिवाळीच्या पाडव्याला आजही आपल्या घरातल्या बायका 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणून ओवाळतात. वामनाचे राज्य यावे असे कुणी म्हणत नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना बळीला प्रजाहितदक्ष राजा आणि वामनाला कपटी आक्रमक ठरवले. त्यांच्या इतिहासाच्या मांडणीशी सगळे विद्वान सहमत नाहीत, पण त्यांनी विचारलेला प्रश्न टाळून या कथेवर बोलणे आता अप्रामाणिकपणाचे होईल. धर्म वाचला असे आपण म्हणतो, तेव्हा कुणाचा वाचला आणि कुणाच्या डोक्यावर पाय ठेवून वाचला?

देवाच्या बांधले जाण्याची आणखी एक कथा ओझरती सांगतो, कारण तिचे क्षेत्र आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीच्या भगवंताच्या रूपाने, नांदते आहे. अंबरीष राजाने द्वादशीचे पारणे साधण्यासाठी, अतिथी म्हणून आलेले दुर्वास स्नानाहून परतण्याआधी नुसते पाणी घेतले. त्यावरून दुर्वासांनी जटा उपटून कृत्या, म्हणजे राजाला मारणारी एक राक्षसी, निर्माण केली. सुदर्शनाने कृत्येला जाळले आणि ते दुर्वासांच्या मागे लागले. दुर्वास ब्रह्मदेवाकडे, शंकराकडे आणि शेवटी विष्णूकडे धावले, तेव्हा विष्णू म्हणाला, 'अहं भक्तपराधीनो ह्यस्वतन्त्र इव द्विज'. चक्र माझे असले तरी थांबवणे माझ्या हाती नाही, त्या राजाकडेच जा. दुर्वास परत आले तेव्हा वर्ष लोटले होते, आणि या वर्षभरात अंबरीष नुसत्या पाण्यावर होता, कारण अतिथी जेवल्याशिवाय त्याला जेवायचे नव्हते. ज्याने मारायला कृत्या पाठवली त्याच्यासाठी वर्षभराचा उपास! प्रल्हादाने बापासाठी जे मागितले तेच अंबरीषाने शत्रूसाठी केले, आणि चक्र थांबले ते त्याच्या विनवणीने.

इथपर्यंतच्या कथा पुराणांतल्या. आपल्या मातीतल्या मंगळवेढ्याकडे वळल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होणार नाही, कारण या एका गावात दोन कथा घडल्या आणि त्या एकमेकींना सोडत नाहीत.

दामाजीपंतांची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. बिदरच्या बादशहाच्या चाकरीत असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उपाशी माणसांना खुली केली. पंतांना धरून नेण्याचा हुकूम सुटला, आणि ते बिदरच्या वाटेवर असतानाच विठ्ठल महाराच्या वेषात, काठी-घोंगडी घेऊन दरबारात हजर झाला, धान्याचे मोल भरले आणि पैसे पोचल्याची पावती घेऊन गेला. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा रंगवून सांगितली आहे. इथेही देवाने बादशहाला मारले नाही, कायदा मोडला नाही. घेतलेले धान्य मोजून त्याचे पैसे चुकते केले. आणि ते करताना दरबारात जोहार घालणाऱ्याचे रूप घेतले, जे रूप घेऊन आला असता तर त्याच्याच पंढरपूरच्या देवळात त्याला कुणी शिरू दिले नसते. हिरण्यकशिपूची कलमे पाळणाऱ्या नृसिंहाशी या विठू महाराचे नाते जवळचे आहे.

त्याच मंगळवेढ्यात, दामाजींच्या आधी, चोखोबा होते. त्यांच्याबरोबर विठ्ठलाने ढोरे ओढली असे संत सांगतात. पण १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांसह चोखोबा त्याखाली गेले, तेव्हा ती भिंत कुणी धरली नाही. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून वेचली, आणि पंढरपूरला महाद्वाराशी त्यांची समाधी बांधली. एका अधिकाऱ्यासाठी महार होणारा देव, खऱ्या महारासाठी भिंत का धरत नाही? हा प्रश्न कीर्तनकाराने टाळू नये. कर्मफळाचे किंवा लीलेचे उत्तर देऊन तो बुजवण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला; मला त्यातले एकही पटलेले नाही. माझे म्हणणे इतकेच की वस्त्रांचा ढीग पडल्यानंतर जी सभा गप्प होती, तिच्यासारखीच एक सभा चोखोबांच्या समाधीसमोर सहा शतके बसली होती. देवळाच्या आत चोखोबांचे अभंग म्हटले जात होते आणि त्यांच्या जातीची माणसे पायरीवरूनच परतत होती. पापाच्या वाटणीतला अर्धा वाटा श्रेष्ठांचा, हा कश्यपांचा हिशेब त्या अभंग म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतःला लावून पाहिला असेल?

साने गुरुजींनी तो लावला. पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी त्यांनी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावी सभा घेतल्या, इतर मंदिरे आणि विहिरी खुल्या करण्याचे आवाहन केले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरातच उपोषणाला बसले. सनातन्यांचा विरोध कडवा होता, आणि स्वराज्य दाराशी आले असताना ही वेळ कशाला, असे म्हणणारे स्वकीयही कमी नव्हते. मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर त्यांनी उपोषण सोडले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला, आणि चोखोबांच्या समाधीपाशी थांबवली जाणारी माणसे नामदेव पायरी ओलांडून आत गेली.